धरली म्हणण्याआधी

दुपारी दोनला दुसरी गोळी घ्यायची होती. पावणेदोन वाजले होते, गोळ्या लोखंडी कपाटात होत्या, कपाटाची किल्ली वहिनींच्या कमरेला होती आणि वहिनी स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या. भांडी केव्हाच धुऊन झाली होती. आपटणं तेवढं चालू होतं.

कारखान्याला साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे खाली काच कापायचं लांब टेबल जाड कापड पांघरून गप्प पडलेलं. वरच्या बैठकीत मात्र आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत, पाय स्टुलावर. मास्तर कोचाच्या अगदी कडेला, सात वर्षं याच घरात घरजावई असून पाहुण्यासारखे. आणि दादा उभा. दादा रागावला की बसत नसे. गेले चार महिने तो बसला होता तो फक्त जेवायला.

धाकटी जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. खुर्चीतून उठताना हल्ली डोळ्यांपुढे अंधारी येई, आणि जमिनीवर बसलं की निदान पडायला जागा उरत नाही. सदतीस वर्षांची बाई, कारखान्यातला सगळ्यात चांगला हात तिचा. पण तिच्यामागून आबांना मूल झालं नाही म्हणून ती सगळ्यांची धाकटीच राहिली.

"आधी बोलू, मग बघू," दादा म्हणाला.

सकाळी पहिली गोळी तिथेच घेऊन ती आणि मास्तर डॉक्टरीणबाईंकडून परत आले, तेव्हा दारातही तो हेच म्हणाला होता आणि मास्तरांच्या हातातली औषधाची पिशवी त्याने काढून घेतली होती. मास्तरांनी ती मुकाट्याने दिली होती. धाकटीला राग आला तो दादाचा नव्हे, मास्तरांचा. आणि तो तिने दुपारपर्यंत नीट सांभाळून ठेवला होता.

"बोल ना मग. घड्याळ थांबणार नाही."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते पुन्हा सांग. आत्याला नीट कळलं नाही."

"मला कळलंय," आत्या म्हणाली. "तुला पटलं नाही. माझ्या नावावर खपवू नकोस."

धाकटीने पुन्हा सांगितलं. डोक्यात वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, बाकीच्या ग्रंथी तिच्या हुकमावर चालतात. पाठीच्या दुखण्यासाठी म्हणून अडीच वर्षं जहाल गोळ्या खाल्ल्या, आधी सांगितल्या तेवढ्या आणि मग तीन डॉक्टरांकडून लिहून आणून आणून. त्यांनी त्या ग्रंथीची दातखीळ बसवली. गोळ्या सुटून चार महिने झाले, तिला अजून वाचा फुटलेली नाही. माणसाला सकाळी उठवून उभं करणारं जे संप्रेरक अंगात तयार व्हायला हवं, ते हिच्या अंगात जवळजवळ नाही. रक्त मुद्दाम सकाळी आठला काढलं, कारण त्या वेळी ते भरपूर असायला हवं. हिचं तळाला टेकलेलं.

"तेवढं बाहेरून घ्यायचं. उठल्याबरोबर एक, दुपारी एक. काही महिने. मग त्या सांगतील तसं हळूहळू कमी. मनाने बंद करायचं नाही. ताप आला तर दुप्पट. आणि डबी कायम अंगावर हवी, दादा. चुकलं तर मी नुसती चक्कर येऊन पडणार नाही. जाईन."

"म्हणजे एका गोळीतून सुटलो आणि दुसरीत अडकलो."

"ही चढत नाही."

"तीही चढत नव्हती. साधी आहे, पाठीची आहे, असंच म्हणाली होतीस."

ती तसंच म्हणाली होती. याच बैठकीत, याच भिंतीला टेकून.

"जित्याची खोड," आत्या पुटपुटली आणि म्हण अर्धीच सोडून खिडकीबाहेर बघू लागली. पुढचा अर्धा भाग मेल्याशिवाय जात नाही असा होता, आणि आज तो बोलायचा दिवस नव्हता.

"मी काही दुष्टपणा करत नाहीये," दादा म्हणाला. "कपाटात राहतील. तुझी वहिनी सकाळी एक देईल, दुपारी एक देईल. काय बिघडलं? पण मंगळवारनंतर मी तुझ्या हातात डबी देणार नाही. मंगळवारी मी माझ्या कानांनी ऐकलंय."

मंगळवारी त्याने काय ऐकलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. काच कापताना कटरचं चाक एकदाच फिरवायचं असतं, टोकापासून टोकापर्यंत, एका दमात. हात बरोबर असला तर 'सर्र' असा एकच अखंड आवाज येतो आणि काच त्या रेघेवर मुकाट मोडते. हात डगमगला तर आवाज मध्ये गळतो, रेघ तुटते. आबा डोळे मिटून बसायचे आणि टेबलावर कोण आहे, रात्री झोप झालीय की नाही, बायकोशी भांडण झालंय का, सगळं आवाजावरून सांगायचे. काच खोटं बोलत नाही, असं ते म्हणत. दुसऱ्या एखाद्या घराने बहिणीचे डोळे तपासले असते, डॉक्टर बोलावला असता. या घराने तिची रेघ ऐकली. मंगळवारी सकाळी धाकटीची रेघ दोनदा तुटली; दादाने हातातलं काम टाकलं, वर गेला, तिची गादी उलटी केली, उशीचं पोट फाडलं, मास्तरांच्या वह्यांचे गठ्ठे सोडले. सापडलं काही नाही. ती आवाज ऐकून जिन्याने वर आली, दारातून कापूस बघितला आणि जिन्यातच कोसळली.

"ऐकलंस ते बरोबर ऐकलंस," धाकटी म्हणाली. "काच खोटं बोललीच नाही. तूच तिला भलतं विचारलंस. मला एक सांग, गोळ्यांवर होते त्या अडीच वर्षांत माझी रेघ एकदा तरी तुटली?"

दादा खिडकीकडे वळला.

"आठव. शाळेच्या नव्या इमारतीच्या सदतीस काचा. एकूणएक बोटभर कमी कापल्या मी. माप चुकलं, सदतीस वेळा. पण रेघ? कडा हातात घेऊन तू स्वतः म्हणालास की अशी कड आबांनंतर बघितली नाही. हात थरथरू नये म्हणून तर खात होते मी! रेघ तुटली ती आता, पोटात काही नसताना. मी सुटल्याचा पुरावा होता तो, आणि तू माझी उशी फाडलीस."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला.

दादा वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. हा तर चार महिने तिच्यासाठी सकाळी स्वतः चहा करत होता, आणि तोच चहा देताना तिच्या डोळ्यांत वाकून बघत होता.

"मास्तर, तुम्ही सांगा हिला," तो शेवटी म्हणाला.

धाकटीला वाटलं, आता तरी हा माणूस बोलेल. सकाळी डॉक्टरीणबाईंनी कागदावर ग्रंथीचं चित्र काढून दाखवलं तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चित्रकला शिकवणारा माणूस, त्याला चित्रातून कळतं.

"कपाटातच असू द्या," मास्तर म्हणाले.

तिने सकाळपासून सांभाळलेला राग इथे हातातून सुटला. "तुम्हीसुद्धा? तुम्ही होतात ना तिथे? तुमच्या देखत सांगितलं ना, अंगावर ठेवा म्हणून?"

"होतो. मागच्या वेळीही मीच होतो." मास्तर कोचाच्या कडेवरून आणखी पुढे सरकले. "तीन औषधवाल्यांकडून मीच आणत होतो ना? एकदाही विचारलं नाही की तीन कशाला. शिकवतो मुलांना, नीट बघा, मग काढा. आणि घरात काय बघितलं? दुधानं तोंड पोळलंय माझं. तुझ्यावर नाही गं, माझ्यावरच भरवसा नाही मला. कुलूप असलं की निदान रात्री झोप लागते."

"आणि झोपता कुठे तुम्ही? पुढच्या खोलीत. वह्या तपासायच्या असतात म्हणून. अडीच वर्षं तपासताय त्या वह्या."

मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी आत्याकडे बघितलं.

"बोला, बोला," आत्या म्हणाली. "मी बहिरी आहे असं समजा."

"मला वाटलं, तुला मी नकोसा झालो," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. "हात लावला की अंग चोरायचीस. विचारायची हिंमत झाली नाही. म्हटलं, आपणच बाजूला व्हावं."

"मला कोणीच नको होतं. तुम्ही नाही, जेवण नाही, काही नाही. ती इच्छासुद्धा त्याच ग्रंथीतून येते, आज कळलं. गोळ्यांनी सगळीकडचे दिवे घालवले, मास्तर. मला वाटत होतं मी मुळातच आटले. अडीच वर्षं पाळी नाही. मूल हवं म्हणून आपण खोली रंगवली होती, आणि मी तिथे शिवणाचं मशीन ठेवून दिलं."

"ते माझ्यामुळे," आत्या एकदम म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. शहात्तर वर्षांची बाई, आबांच्या बरोबरीने तिने हा कारखाना उभा केला होता आणि चुकलं म्हणायची वेळ तिच्यावर क्वचितच आली होती.

"ही माझ्याकडे आली होती, पहिल्याच वर्षी. आत्या, महिना चुकतोय म्हणाली. मी म्हटलं, आपल्या घरात बायकांचं लवकरच जातं, माझं अडतिसाव्या वर्षी गेलं, गप्प बस. शहाणी ना मी! डॉक्टरकडे जा म्हटलं असतं तर तेव्हाच फुटलं असतं सगळं." तिने स्टुलावरचे पाय खाली घेतले. "परत येते का गं ती?"

"येईल म्हणाल्या. घाई करायची नाही. मूल होईलच असं नाही, पण दार बंद झालेलं नाही."

"मग कपाट उघडा," आत्या म्हणाली. "दादा, ऐकतोयस का? मी हिच्या बाजूला."

"तू मघाशी माझ्या बाजूला होतीस!"

"मघाशी मी म्हण म्हणत होते. म्हणीला काय, कोणीही म्हणतं."

दोनला सात मिनिटं होती. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. या बाई घरात सगळ्यात कमी बोलत, त्यामुळे त्या बोलायला लागल्या की दादासुद्धा पंख्याचा वेग कमी करी. त्यांनी कमरेची किल्ली सोडवली आणि जमिनीवर, सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

"ही घ्या. मला नको."

"अगं, तू कशाला..."

"चार महिने आहे माझ्याकडे. कुणाचं डोकं दुखलं तरी माझ्यापुढे हात पसरायचा. ही माझ्याशी पूर्वी वाटेल ते बोलायची. आता गोड बोलते. मला त्याची शिसारी येते. मी हिची वहिनी आहे, पहारेकरी नाही." त्या दादाकडे वळल्या. "आणि मंगळवारी ही जिन्यात पडली तेव्हा मी बाजारात होते, किल्लीसकट. उद्या असंच झालं आणि गोळी कपाटात राहिली तर? तुम्ही कुलूप फोडत बसाल?"

दादा किल्लीकडे बघत राहिला. तीन माणसं एकीकडे, मास्तर आणि तो दुसरीकडे, आणि मास्तर तर केव्हाच डळमळले होते. पण घर हे काही मतदानावर चालत नाही. कारखाना त्याचा होता, आबांनंतर घरही त्याच्याच खांद्यावर होतं, आणि तो नाही म्हणाला तर किल्ली तिथेच पडून राहिली असती.

"कशाच्या भरवशावर देऊ?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज रागाचा नव्हता. "तुझ्या शब्दावर? तूच सांग. तुझ्या जागी मी असतो तर तू दिली असतीस?"

प्रश्न सरळ होता. धाकटीला उत्तर ठाऊक होतं आणि ते नाही असं होतं. शब्द द्यायचा तर तो तळापासून स्वच्छ हवा. आणि तिच्या तळाशी काय आहे ते या खोलीत तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. व्यसन सोडण्याच्या केंद्रात तिने सगळं कबूल केलं होतं, हे एक सोडून. तिने भिंतीला हात लावला आणि उठून उभी राहिली. अंधारी आली. ती जाईपर्यंत थांबली.

"दादा, फाटकातली काच."

"त्याचं काय आता?" दादा चटकन म्हणाला. तीन वर्षांत तो विषय त्याच्यापुढे कोणी काढला नव्हता.

मोठी काच दोघांनी उचलायची तर या घराचा एक नियम होता. सोडणाऱ्याने विचारायचं, "धरली?" घेणाऱ्याने "धरली" म्हटल्याशिवाय बोट हलवायचं नाही. तीन वर्षांपूर्वी एका दुकानाची दर्शनी काच फाटकात ट्रकवरून उतरवताना दादा वर होता, ती खाली. काच घसरली, तिने ती वाकड्या पाठीवर झेलली. काच वाचली, पाठ गेली, आणि पाठीपाठोपाठ बाकीचं सगळं. दादाने उत्तराआधीच सोडली, असं सगळे धरून चालले. दादाने स्वतःही तसंच मानलं. तेव्हापासून तो तीन-तीनदा विचारी, आणि कामगार त्याच्यामागे हसत.

"तू विचारलं होतंस," धाकटी म्हणाली. "आणि मी धरली म्हणाले होते."

दादा एक पाऊल पुढे आला.

"मी म्हणाले, आणि धरली नव्हती. डावा हात कडेवर बसलाच नव्हता. तो दुकानदार उभा होता, बाईला जमतंय का बघत. मला घाई झाली, तोरा आला. म्हटलं, म्हणून टाकू, तोवर बसेल हात. तू बरोबर होतास. तुझं काही चुकलं नव्हतं. दवाखान्यात तू रडलास, मी तुला रडू दिलं. मग सांगायला रोज थोडा थोडा उशीर होत गेला, आणि गोळी खाल्ली की ते दुखणंही थांबायचं."

वहिनींनी तोंडावर हात धरला. मास्तर उठून उभे राहिले आणि कुठे जावं ते न कळून तसेच राहिले.

"तीन वर्षं," दादा म्हणाला. त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं. "तीन वर्षं मी माझ्या कानांवर..." वाक्य पुरं न करता तो जिन्याकडे गेला. खालून टेबलावरचं कापड ओढल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

"आजच सांगायचं होतं का गं?" आत्या म्हणाली.

"आजच. मला तुमच्याकडून शब्दावर काहीतरी घ्यायचंय, तर आधीचा खोटा शब्द परत करायला हवा." धाकटीने वाकून किल्ली उचलली. "जुन्या जातीच्या गोळ्या घरात आल्या तर कुलपातच राहतील, किल्ली आत्याकडे. दर महिन्याला मी तपासणी करून घेईन, मास्तर बरोबर येतील, आणि या वेळी मास्तर प्रश्न विचारतील. ही डबी मात्र माझी. दादाला पटो न पटो."

तिने स्वतः कपाट उघडलं. कटर आणि हिऱ्याच्या कलमांमागे पिशवी होती. दोन वाजून चार मिनिटांनी तिने गोळी घेतली. वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "आणि माझ्याशी यापुढे गोड बोललीस तर बघ."

दादा जेवायला वर आला नाही. संध्याकाळी मास्तरांनी वह्यांचे गठ्ठे उचलून मागच्या खोलीत आणले, शिवणाच्या मशीनवर ठेवले आणि तिथेच तपासत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिने पहिली गोळी घेतली, डबी कामाच्या अंगरख्याच्या खिशात टाकली आणि खाली गेली. चहा करून ठेवलेला होता, पण दादा तो द्यायला थांबला नव्हता. तो मांडणीपाशी उभा होता. एका दवाखान्याच्या दाराची काच टेबलावर घ्यायची होती, पुरुषभर उंच. बाकीचे कामगार यायला अजून तास होता.

त्याने तिच्याकडे न बघता हातमोजे तिच्याकडे टाकले. ती दुसऱ्या टोकाला गेली. त्याने काच मांडणीतून तिरपी केली, सगळा भार आपल्या अंगावर घेतला आणि तिच्या बाजूला झुकवली.

"धरली?"

उजवा हात बसला होता. डावा कडेच्या जरा आत होता, अंगठा मोकळा. जमलं असतं. बहुतेक जमलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "थांब."

दादा थांबला. त्याच्या मानेची शीर फुगली, कपाळावरचा घाम भुवईत उतरला, तरी त्याने काच हलू दिली नाही. धाकटीने डावा पाय मागे घेतला, गुडघा वाकवला, तळवा कडेखाली सरकवला आणि भार मनगटात येईपर्यंत वाट बघितली. वेळ लागला. तिने तो लागू दिला.

"धरली."

दादाने दुसऱ्यांदा विचारलं नाही.